डॉक्टर आधी बाटली मागतात

मागच्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले, सहा महिने राहिले. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटीत, गावापासून बरंच आत, त्यामुळे नळाची लाईन इथपर्यंत आलेलीच नाही, घराची स्वतःची बोअर आहे १८० फुटांची आणि प्यायला, आंघोळीला, भांड्यांना सगळ्याला तेच पाणी. बाबा आले त्याच सुमारास समोरच्या टेकडीमागे गॅसच्या विहिरीचं काम जोरात चालू झालं होतं. रात्री त्या बाजूचं आभाळ उजळलेलं दिसायचं आणि दिवसभर टँकरवर टँकर. बाबा सकाळी चहाचा कप घेऊन समोर पायरीवर बसायचे आणि टँकर मोजायचे. आमच्या यवतमाळकडे टँकर आला की माणूस हातातलं काम सोडून बघतोच, ती सवय इथेही सुटली नाही.

एक दिवस विचारलं, "इतके टँकर काहून लागते यायले?"

मी सांगितलं की खाली सहा-सात हजार फुटांवर मार्सेलस नावाचा शेलचा थर आहे, दगडच तो, त्यात गॅस अडकलेला असतो, मग विहीर खाली नेऊन आडवी वळवतात आणि प्रचंड प्रेशरने पाणी आणि रेती आत मारतात, दगडाला भेगा पडतात, रेती त्या भेगा उघड्या धरून ठेवते आणि गॅस वर येतो, यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्या बोअरले केलं होतं थेच ना, जलभंजन?"

मला एकदम आठवलं. मी शाळेत असताना गावातल्या सरकारी हातपंपाचं पाणी आटलं होतं, तेव्हा भूजल सर्वेक्षणवाल्यांची गाडी आली होती, हातपंप काढून बोअरमध्ये रबरी पॅकर, म्हणजे घट्ट बसणारं बूच, सोडला आणि खालच्या भागात प्रेशरने पाणी मारलं. आपल्याकडे काळ्या पाषाणात भेगा असतात पण त्या बुजलेल्या असतात, त्या मोकळ्या होतात, एकमेकींना जोडल्या जातात. आम्ही पोरं कठड्यावर बसून बघत होतो. दोन दिवस गढूळ पाणी आलं आणि मग कितीतरी वर्षं तो हातपंप चालला. तर तत्त्व तेच आहे हे बाबांनी एका वाक्यात पकडलं, फक्त आपल्या गावात आत गेलं ते निव्वळ पाणी होतं.

"आनि इथं पान्यासंग काय टाकते?"

मग मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगायला लागले, आणि सांगता सांगता हेही सांगावं लागलं की काही नावं जाहीर करतात आणि काही करत नाहीत, धंद्याचं गुपित म्हणून झाकून ठेवायची परवानगी आहे. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंग कोनाले काई झालं तं डॉक्टरले काय दाखवनार?"

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कुठून आला ते मला माहीत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. त्यात आमच्या गल्लीतला एक मुलगाही होता, दिवसभर फवारून संध्याकाळी घरी आला आणि उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. बाबांनी त्याला गाडीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, बाटली आणली का? कारण कुठलं औषध अंगात गेलंय त्याप्रमाणे उतारा ठरतो, आणि फवारणीत तर लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारतात. बाबा तसेच अंधारात परत गेले, धुऱ्यावर मोबाईलच्या उजेडात शोधून दोन रिकाम्या बाटल्या आणि एक पुडी घेऊन आले, एका बाटलीचं लेबल पावसाने अर्धं निघालेलं, चिखल पुसून पुसून डॉक्टरांनी ते वाचलं. मुलगा वाचला. त्याला स्वतःला दुसऱ्या दिवशीपर्यंत धड बोलताही येत नव्हतं, जे काय सांगितलं ते त्या बाटल्यांनीच सांगितलं.

मी हे सगळं लिहायला बसले ते बाबांच्या त्या प्रश्नामुळेच. फ्रॅकिंगची केमिकल्स सेफ आहेत का यावर इथे लोक तावातावाने भांडतात, एक बाजू म्हणते ९९ टक्क्यांच्या वर नुसतं पाणी आणि रेती असते, दुसरी बाजू म्हणते सगळं विषच आहे, आणि मला दोन्हीकडची भाषा पुरत नाही. माझं म्हणणं एवढंच की बाटलीवर काय लिहिलंय ते सांगा, मग बोलू सेफ की काय ते.

आणि हा नुसता मनातला खेळ नाही, असं प्रत्यक्ष झालेलं आहे. २००८ मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगोला गॅस फील्डवरचा एक कामगार इमर्जन्सीत आला, फ्रॅकिंगमध्ये वापरायचं द्रव त्याच्या कपड्यांवर सांडलेलं होतं. त्याचे कपडे काढून त्याला धुवायला मदत करणारी नर्स नंतर काही दिवसांत स्वतःच आयसीयूत पोचली, एकामागून एक अवयव साथ सोडायला लागले. तिच्या डॉक्टरांनी कंपनीला विचारलं की त्यात नेमकं काय आहे, तर पूर्ण फॉर्म्युला सांगायला नकार मिळाला. ती वाचली. पण मी स्वतः नर्स आहे, पेशंटचे ओले कपडे मी हजारदा काढलेत, त्यामुळे ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आता आत काय काय असतं ते सांगते, जेवढं जाहीर आहे तेवढं. सुरुवातीला खाली पाईपला पाडलेल्या भोकांपाशी साठलेलं सिमेंट वगैरे विरघळवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्या ॲसिडने लोखंडी पाईप गंजू नये म्हणून दुसरं केमिकल. त्यात मिथेनॉल बऱ्याचदा असतं आणि मिथेनॉल किती वाईट ते आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. पाणी पाईपमधून सरसर जावं म्हणून पॉलिॲक्रिलामाइड, ते बऱ्याचदा पेट्रोलियमपासून काढलेल्या तेलात मिसळलेलं असतं. पाईपमध्ये क्षार धरू नये म्हणून एथिलीन ग्लायकॉल, गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच. फेस आणणारं, पृष्ठताण कमी करणारं २-ब्युटॉक्सिइथेनॉल, हे फरशी-काचा पुसायच्या लिक्विडमध्येही असतं. आणि काही विहिरींत रेती वाहून न्यायला पाणी घट्ट करावं लागतं, त्यासाठी गवार गम. हो, आपली गवारच, तिच्या बियांचा डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात होते, त्यातही राजस्थानात, आणि २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅकिंगमुळे गवारीचे भाव असे काही भडकले की मार्च २०१२ मध्ये तिचं वायदे ट्रेडिंग बंद करावं लागलं. बाबांना हे सांगितलं तर त्यांना अजिबात खरं वाटेना, गवारीच्या शेंगांची भाजी समोर ताटात होती आणि ते शेंग उचलून बघत होते.

तर गवारीला कोणी घाबरायचं कारण नाही. पण त्याच यादीत ग्लुटारअल्डिहाइड आहे आणि ते मला फार जवळून माहीत आहे. नागपूरला मी ओटीत होते तेव्हा स्कोप आणि जे इन्स्ट्रुमेंट ऑटोक्लेव्ह करता येत नाहीत ते दोन टक्के ग्लुटारअल्डिहाइडच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवायचो. झाकण उघडलं की तो एक गोडूस, कुजक्या सफरचंदासारखा वास नाकात बसायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, ग्लोव्हज फाटले तर बोटांची कातडी पिवळी-तपकिरी व्हायची आणि दोन दिवस तशीच राहायची. माझ्यासोबतच्या एकीला दमा सुरू झाला आणि तिला वॉर्डला बदलून घ्यावं लागलं. विहिरीत ते जंतू मारायला टाकतात, नाहीतर बॅक्टेरिया वाढून पाईप खातात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस तयार करतात. म्हणजे ते टाकायला कारण आहे, उगाच कोणी टाकत नाही. पण ओटीत आमच्या त्या ट्रेवर नाव होतं, तारीख होती, खोलीत एक्झॉस्ट होता, डोळ्यांत उडालं तर काय करायचं त्याचा कागद भिंतीवर होता. काय हाताळतोय ते माहीत होतं म्हणून काळजी घेता येत होती.

प्रमाण फार कमी असतं असं सांगतात आणि टक्क्यांत ते खरंही आहे, साधारण दोन टक्के किंवा त्याहून कमी, कित्येकदा अर्धा टक्काच. पण कशाचा अर्धा टक्का? दहा-बारा वर्षांपूर्वीच पेनसिल्व्हेनियात एका विहिरीला साधारण ४२ लाख गॅलन पाणी लागत होतं, म्हणजे दीड कोटी लिटरच्या वर. बाबांना मी दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशोबात सांगितलं, जवळपास १६०० टँकर पाणी, आणि त्याच्या अर्धा टक्का म्हणजे ८ टँकर नुसतं केमिकल. एका विहिरीला. आणि एका पॅडवर, म्हणजे विहिरी खोदायला सपाट केलेल्या जागेवर, पाच-सहा किंवा जास्तही विहिरी असतात, शिवाय आताच्या आडव्या विहिरी लांब झाल्यात, त्यांना पाणी अजून जास्त लागतं.

मला सगळ्यात आधी भीती वाटली होती की हे खालून वर झिरपत आमच्या बोअरमध्ये येईल. जसजसं वाचत गेले तसं कळलं की आमच्या भागात ही भीती सगळ्यात कमी महत्त्वाची आहे, मध्ये मैलभर दगड आहे. गडबड होते ती वरच्या बाजूला. केसिंगभोवतीचं सिमेंट नीट बसलं नाही तर, पॅडवर टाकी फुटली तर, टँकर उलटला तर, आणि विहिरीतून परत वर येणारं जे पाणी असतं ते कुठे सोडलं तर. ते परत येणारं पाणी समुद्रापेक्षाही कितीतरी खारट असतं आणि त्यात खालच्या दगडातलं बेरियम, रेडियम असतं, म्हणजे आपण टाकलेलं केमिकल शून्य धरलं तरी ते पाणी पिण्यालायक नाहीच. पेनसिल्व्हेनियात २०११ पर्यंत असं पाणी नगरपालिकांच्या साध्या सांडपाणी प्लांटला पाठवून पुढे नदीत सोडत होते, ते प्लांट मीठ काढूच शकत नाहीत, मग त्या वर्षी सरकारने कंपन्यांना हे थांबवा म्हणून सांगितलं.

आमच्याच राज्यात ईशान्येला डिमॉक नावाचं छोटं गाव आहे. २००९ च्या १ जानेवारीला तिथल्या एका घराच्या बोअरवरचं जाडजूड काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं, बोअरमध्ये मिथेन साठला होता. ते प्रकरण तेरा वर्षांच्या वर चाललं, शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने कोर्टात आरोप लढवला नाही आणि गावाला नळाचं पाणी आणायला १.६ कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं. तेरा वर्षं. पहिलीतलं पोर तेवढ्यात कॉलेजला जातं. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०११ मध्ये या भागातल्या बोअर तपासल्या तेव्हा गॅस विहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या बोअरमध्ये मिथेन सरासरी १७ पट जास्त सापडला, पण फ्रॅकिंगचं द्रव सापडलं नाही. मी हे दोन्ही सांगते कारण लोक आपल्या सोयीचं अर्धंच सांगतात. आणि पुढे २०१५ मध्ये ब्रॅडफर्ड काउंटीतल्या काही घरांच्या पाण्याला फेस येत होता त्याचा अभ्यास छापून आला, त्यातल्या एका बोअरमध्ये २-ब्युटॉक्सिइथेनॉलचा अंश सापडला, फार थोडा, पण सापडला. आता बघा, तो नेहमीच्या लॅब टेस्टमध्ये नाही, संशोधकांनी खास मशीनवर शोधला तेव्हा सापडला. लॅबला पाणी दिलं आणि "काय आहे ते सांगा" म्हटलं असं होत नाही हो, आपण नाव सांगतो तीच टेस्ट ते करतात. नावच माहीत नसेल तर रिपोर्टमध्ये ते येणारच नाही आणि रिपोर्ट क्लीन दिसेल.

ओहायोचा किस्सा तर मला विसरताच येत नाही. जून २०१४ मध्ये मन्रो काउंटीत एका पॅडला आग लागली, ट्रक जळाले, आग विझवायला मारलेलं पाणी केमिकल घेऊन ओढ्यात गेलं आणि साधारण ७० हजार मासे मेले. तो ओढा ओहायो नदीला मिळतो आणि खाली शहरं त्याच नदीचं पाणी पितात. आणि त्या वेळी काय काय जळालं, काय वाहून गेलं याची पूर्ण यादी अधिकाऱ्यांच्या हातात पडायला काही दिवस गेले. आगीत उतरलेल्या फायरब्रिगेडच्या लोकांना तरी काय माहीत होतं?

हे असं का चालतं याचं मूळ २००५ च्या कायद्यात आहे. त्या वर्षीच्या एनर्जी ॲक्टमध्ये, डिझेल वापरून केलेलं सोडून बाकी फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेच्या केंद्रीय कायद्यातून वगळलं. २०११ पासून फ्रॅकफोकस नावाची वेबसाईट आहे, तिथे विहीर शोधून केमिकलची यादी बघता येते, मी आमच्या जवळच्या जुन्या पॅडची बघितली, चांगली गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण ईपीएने, म्हणजे इथल्या केंद्रीय पर्यावरण खात्याने, त्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त नोंदींत निदान एक तरी घटक गुप्त ठेवलेला होता. त्याच ईपीएच्या डिसेंबर २०१६ च्या मोठ्या रिपोर्टमध्ये फ्रॅकिंगचं द्रव आणि परत येणारं पाणी मिळून १६०६ केमिकल मोजलीत, आणि दीर्घकाळ पोटात गेलं तर किती प्रमाण धोक्याचं याचा वापरता येईल असा आकडा त्यातल्या फक्त १७३ साठी होता. बाकीच्यांचं सेफ म्हणायलाही आकडा नाही आणि अनसेफ म्हणायलाही नाही.

आणि पेनसिल्व्हेनियाने २०१२ मध्ये असा कायदा केला होता की डॉक्टरला पेशंटसाठी गुपित केमिकलचं नाव मिळेल पण ते कोणाला सांगणार नाही असं लिहून द्यावं लागेल. म्हणजे डॉक्टरने बाटली बघायची आणि शेजारच्या आजारी माणसाच्या डॉक्टरलाही सांगायचं नाही. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते २०१६ मध्ये रद्द केलं, त्या निकालाबद्दल मला मनापासून बरं वाटलं. कोलोराडोने २०२२ मध्ये कायदा केला की सगळी केमिकल्स जाहीर करा आणि पीफास, म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं न विघटणारी केमिकल्स, वापरायचेच नाहीत, आणि तिथल्या विहिरी काही बंद पडल्या नाहीत. करता येतं हे.

आमचे शेजारी डेअरीवाले आहेत, दुधाच्या धंद्यात जवळजवळ बुडाले होते, गॅसच्या रॉयल्टीवर त्यांची जमीन वाचली. ते माझ्याशी याच्यावर बोलत नाहीत पण त्यांच्या सुनेने मला हळूच विचारलं की पाणी कुठे तपासलंस. तिला दोन लहान मुलं आहेत. २०२२ मध्ये येलचा एक अभ्यास आला होता, इथल्याच लहान मुलांचा, विहिरींजवळ राहणाऱ्यांत एका प्रकारच्या ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, शक्यता दोन ते तीन पट दिसली, मग २०२३ मध्ये पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात ल्युकेमियाशी संबंध दिसला नाही पण लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आणि दम्याशी दिसला. मी तिला दोन्ही सांगितले. आईने काय करायचं यातून, सांगा.

आम्ही काय केलं ते लिहिते, इथे बोअर असलेली बरीच मराठी घरं आहेत म्हणून. पेनसिल्व्हेनियात खाजगी बोअरच्या पाण्यावर राज्याचा काहीही कंट्रोल नाही, तपासायचं आपणच. आणि कायदा असा आहे की शेलच्या विहिरीपासून २५०० फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा धरला जातो, नाही हे त्यांनी सिद्ध करायचं. म्हणून कंपन्या स्वतःहून आधी सॅम्पल घेतात, ते घेऊ द्या, रिपोर्टची कॉपी मागा, पण जमत असेल तर आपलं वेगळं सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबकडून काम सुरू व्हायच्या आधी घ्या. २५०० फुटांच्या बाहेर असाल तर जास्तच गरज, कारण मग सगळं आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. आम्ही बाहेर आहोत. मिथेन, इथेन, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्राँशियम, सोडियम, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) एवढं तरी हवंच, पेन स्टेट एक्स्टेन्शनच्या साईटवर नीट माहिती आहे.

आमचं दुसरं सॅम्पल बाबा असतानाच झालं. लॅबचा मुलगा आला, त्याने बेसमेंटमध्ये फिल्टरच्या आधीचा नळ सोडला आणि वीस मिनिटं पाणी नुसतं वाहू दिलं, बाबांचा जीव वर-खाली होत होता, शेवटी ते बादल्या लावून पाणी टोमॅटोला नेऊन घालायला लागले. मग त्याने बादलीत पाणी भरलं, अंगठ्याएवढी काचेची कुपी त्या पाण्यात पूर्ण बुडवून आतच भरली आणि झाकणही पाण्याखालीच लावलं, वर काढून उलटी केली, टिचकी मारली, बारीक बुडबुडा दिसला तर ओतून परत पहिल्यापासून. हवेचा थेंबभर बुडबुडा राहिला तरी मिथेन त्यात निघून जातो आणि आकडा चुकतो. तिसऱ्यांदा जमलं. मग धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात आधीच थोडं नायट्रिक ॲसिड घातलेलं. प्रत्येक बाटलीवर त्याने लेबल लावलं, वेळ, तारीख, नळ कुठला, आत काय घातलंय, खाली सही, आणि माझीही सही घेतली.

बाबा ती लेबलं एकेक करून बघत होते, चष्मा वर करून. नायट्रिक ॲसिडवाली हातात घेऊन मला म्हणाले, "हे बघ, एवढ्याश्या बाटलीत दोन थेंब टाकले तं यानं लिहून ठेवलं."

रिपोर्ट ठीक आला. मिथेन नावापुरता, बेरियम मर्यादेच्या खूप खाली, क्लोराइड पहिल्या वेळेपेक्षा थोडं वाढलेलं पण काळजीचं नाही असं लॅबवाली म्हणाली, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यानेही वाढतं. दोन्ही रिपोर्ट मी एकाच फाईलमध्ये लावलेत, शेजारणीच्या पाण्याचेही तिने मला ठेवायला दिलेत. बाबा ऑक्टोबरात परत गेले. फोन केला की पाऊस, कपाशी, तूर हे सगळं झाल्यावर विचारतात, यादी दिली का त्यांनी? मी कंपनीला आणि काउंटीला एकेक मेल पाठवलाय, गुप्त म्हणून नोंदलेल्या तीन घटकांची नावं मागितलीत. अजून उत्तर आलेलं नाही, पुढचं सॅम्पल एप्रिलमध्ये आहे.